कैदी बारा, आरोपी मात्र प्रेक्षक

इसवी सन 2123. गुरूच्या एका उपग्रहावरचा कडेकोट तुरुंग फुटतो, सूर्यमालेतले बारा अट्टल गुन्हेगार मोकाट सुटतात आणि त्यांना धरून आणण्याची कामगिरी एका कॅप्टनच्या गळ्यात पडते. दूरदर्शनवरच्या ‘कॅप्टन व्योम’ची ही चौकट. साल 1998. दिग्दर्शक केतन मेहता, म्हणजे ‘भवनी भवाई’ आणि ‘मिर्च मसाला’ करणारे केतन मेहता. नायक मिलिंद सोमण. त्याच वर्षी 1 जुलैला धुळ्यातून फुटून आमचा नंदुरबार जिल्हा झाला, त्यामुळे ते साल आमच्या नवापुरात कोणाला विसरता येत नाही. मालिका मात्र विसरली गेली. नाव आठवते, पोशाख आठवतो, फार तर मिलिंद सोमणचे केस आठवतात. ‘एखादा भाग सांग बघू’ म्हटले की तेव्हा दहा-बारा वर्षांचा असलेला, आज चाळिशीला टेकलेला माणूस घुटमळतो.

मालिकेने प्रेक्षक धरून ठेवला नाही, हे मला मान्य आहे. वाद आहे तो कारणाचा.

ते कारण आपल्याकडे केव्हाच ठरून गेले आहे. लेखांत वाचतो, व्याख्यानांत ऐकतो, विज्ञानप्रसाराच्या शिबिरांत चहाच्या वेळी हमखास कानावर येते: आपला प्रेक्षकच विज्ञानकथेच्या लायकीचा नव्हता. आणि उदाहरणाला गाव लागले की आमचे घेतात. मुंबई-पुण्याचे सोडा हो, पण नवापूर, धडगाव, अक्कलकुव्याला गुरूचा उपग्रह कोणाला कळणार? हे बोलणाऱ्यांचा सूर तुच्छतेचा नसतो, कणवेचा असतो. तोच जास्त खटकतो.

तेव्हा आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या सगळ्यांत भक्कम रूपात. प्रतिपक्ष लुळा करून पाडण्यात पुरुषार्थ नाही.

ते म्हणतात, 25 जानेवारी 1987ला ‘रामायण’ सुरू झाले आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. लोक टीव्हीला हार घालीत. याच दूरदर्शनवर, याच संचांवर पुढे अवकाशयाने आली, तेव्हा कोणी उदबत्ती लावली नाही. ‘शक्तिमान’ 1997मध्ये आला आणि 2005पर्यंत टिकला. कारण त्याची शक्ती प्रयोगशाळेतून आली नव्हती, साधनेतून, कुंडलिनीतून आली होती. व्योमकडे यंत्रे होती, मंत्र नव्हता, तो गेला. स्टार प्लससारख्या बलाढ्य वाहिनीवर 2004मध्ये आलेली ‘अंतरिक्ष’ही फार तग धरू शकली नाही. याचा अर्थ काय? विज्ञानकथेला प्रश्न विचारणारे मन लागते. 1976च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन आपल्या मूलभूत कर्तव्यांत लिहिला गेला, पण तो कागदावरच राहिला. त्यात पैसा तुटपुंजा, म्हणून दृश्ये तकलादू. त्यात गावोगाव भारनियमन. इतके सगळे असताना मालिका चालायची कशी?

मांडणी सुबक आहे. म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली.

विजेचे कलम पहिल्याच फटक्यात निकालात काढू. लाइट जायची, हे नवापूरकराला कोणी सांगायला नको. ऐन वेळी जायची हेही खरे. पण भारनियमनाला ‘शक्तिमान’ आणि ‘व्योम’ यांतला फरक कळत होता काय? ज्या तारेवर एक मालिका आठ वर्षे पोचते, त्याच तारेवर दुसरी पोचत नाही, हे विजेचे शास्त्र मला शिकायचे आहे. भाषेचेही तेच. हिंदी कठीण होती म्हणावे, तर ‘रामायणा’ची संस्कृतप्रचुर हिंदी आमच्या मावची-कोकणी-अहिराणी-गुजराती बोलणाऱ्या गावाने अर्थासकट गिळली होती.

आता मुख्य कलम: पौराणिक मन.

या मताच्या लोकांनी आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी केलेली नाही. ‘अंतरिक्ष’ ही काय चीज होती? ती होती रामकथेवर बेतलेली अवकाशकथा. म्हणजे पुराणप्रिय प्रेक्षकाला जे हवे म्हणतात, नेमके तेच त्याला ताटात वाढून दिले होते, आणि तेही त्या काळच्या घराघरांतल्या वाहिनीवर. दोन वर्षे आधी, 2002मध्ये, दूरदर्शनवर ‘आर्यमान’ आली. नायक कोण? मुकेश खन्ना. ‘महाभारता’तले भीष्म तेच, शक्तिमानही तेच. राजघराणी, युद्धे, परग्रहावरचे सिंहासन, सगळे पुराणाच्या वळणाचे. पण ‘शक्तिमान’ला मिळालेली जागा तिला काही मिळाली नाही. पुराण हवे होते, पुराण दिले. ओळखीचा नायक हवा होता, तोही दिला. मग प्रेक्षक का आला नाही? जर प्रेक्षकाचे पौराणिक मन हेच विज्ञानमालिका पडण्याचे कारण असेल, तर पुराणाच्या पाठीवर बसून आलेल्या या दोघी का पडल्या?

शिवाय मध्ये एक अडचणीची तारीख आहे. ऑगस्ट 2003. ‘कोई मिल गया’ प्रदर्शित झाला. परग्रहावरून आलेला, उन्हातून शक्ती घेणारा एक निळसर जीव आणि डोंगरातल्या एका छोट्या गावातला मतिमंद म्हणून हिणवला गेलेला मुलगा. पुराणातले काहीही नाही. देशभर थिएटरे भरली. वर्षभरानंतर ‘अंतरिक्ष’ आली तेव्हा समोर बसलेला प्रेक्षक हाच होता. एका वर्षात त्याचे मन विज्ञानाला मिटले, असे कोणाला म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

पण मला याहून मोठा मुद्दा मांडायचा आहे. पुराणकथांवर वाढलेला प्रेक्षक विज्ञानकथेला नालायक तर नसतोच. तो तिचा सगळ्यांत कडक परीक्षक असतो. भस्मासुर घ्या. वर एकच: ज्याच्या डोक्यावर हात ठेवेन तो भस्म. यापुढची सगळी गोष्ट म्हणजे या एका वाक्याचे परिणाम. वर देणाऱ्या शंकरालाच पळावे लागते, कारण वरात देणाऱ्याला सूट नाही. मोहिनी येते ती ब्रह्मास्त्र घेऊन येत नाही. ती नियम मोडत नाही, रद्द करत नाही, त्याच नियमाने त्याला मारते: नाचता नाचता त्याचा हात त्याच्याच डोक्यावर जातो. हिरण्यकशिपूचा वर तर एखाद्या निष्णात वकिलाने लिहिल्यासारखा आहे. माणूस नाही, पशू नाही. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. जमिनीवर नाही, आकाशात नाही. नरसिंहाला प्रत्येक कलमातली फट शोधावी लागते. उंबरठा, तिन्हीसांजा, मांडी, नखे. एकही कलम मोडलेले नाही.

आता आयझॅक असिमोव्ह या अमेरिकी लेखकाने 1942 साली यंत्रमानवांसाठी घालून दिलेले तीन नियम आठवा. त्याच्या यंत्रमानवांच्या कितीतरी कथा म्हणजे त्या तीन नियमांतल्या फटींचा शोध आहेत. रीत कोणती? एक नियम मांडायचा, तो प्रामाणिकपणे पाळायचा आणि त्यातूनच पेच आणि सुटका काढायची. नरसिंहाची रीत याहून वेगळी आहे काय? भस्मासुर विज्ञानकथा आहे, असा माझा दावा नाही. तसले दावे करणारे आजकाल बरेच झाले आहेत, त्यांच्या पंगतीला मला बसायचे नाही. माझा दावा एवढाच की, अशा गोष्टी ऐकत वाढलेल्या पोराला नियम कळतो. आजीने चुकून हिरण्यकशिपूला भर दुपारी मारले तर सहा वर्षांचे नातवंड तिला अडवते. हेच नातवंड टीव्हीसमोर बसले. पडद्यावर आज एक किरण शत्रूला जाळतो, उद्या तोच किरण त्याच्यावर चालत नाही. का, ते कोणी सांगत नाही. परवा नायकाकडे आणखी एक नवे यंत्र निघते, ज्याचा काल पत्ता नव्हता. त्या पोराने काय करावे? ते उठून खेळायला गेले. त्याच्या उठण्याला तुम्ही अवैज्ञानिकता म्हणता. मी चिकित्सा म्हणतो.

दुसरे कलम: दृश्यांचा तकलादूपणा. इथे तर मला प्रतिपक्षाचे नवल वाटते. ‘कॅप्टन व्योम’ची दृश्ये त्या काळच्या भारतीय टीव्हीच्या मानाने पुढचीच होती. केतन मेहतांच्या माया या संस्थेचा संगणकी चित्रणात तेव्हा दबदबा होता. उलट ‘शक्तिमान’चे गरगर फिरणे आज पाहिले तर हसू येते, तेव्हाही शहाण्यांना येत होते; पण पोरे गच्चीवर तसेच गरगर फिरत होती. तकलादू दृश्यांनी मालिका पडत असती तर आधी कोणती पडायला हवी होती?

बाहेर पाहायचे तर ब्रिटनकडे पाहा. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ 1963 साली सुरू झाली आणि 1989पर्यंत चालली. तिच्या हलणाऱ्या भिंतींवर तिथे अजून विनोद होतात. तिच्यातले सर्वांत भयानक खलनायक डालेक. त्यांचा हात म्हणजे तुंबलेले बेसिन मोकळे करायचा रबरी पंप. खरोखरचा. तो पंप रोखला की इंग्रज पोरे सोफ्यामागे दडत. भीती पंपाची नव्हती. डालेक काय करू शकतो आणि काय केल्याशिवाय राहत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

याहून मोठा पुरावा आपल्या घरचा आहे. 23 ऑगस्ट 2023ची संध्याकाळ. चांद्रयान-3 चंद्रावर उतरत होते. इस्रोच्या यूट्यूबवरच्या थेट प्रक्षेपणाला एका वेळी 80 लाखांवर लोक जोडलेले होते; टीव्हीवरचे वेगळे, शाळाशाळांतून भिंतीवर पडदा लावून बसलेली मुले वेगळी. पडद्यावर दिसत काय होते? खुर्च्यांवर बसलेले शास्त्रज्ञ आणि एक आलेख. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी एक वक्ररेषा, तिच्यावरून सरकणारा ठिपका, उंची आणि वेगाचे आकडे. यान नव्हते, स्फोट नव्हते, संगीत नव्हते. सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास सुमारे 30 किलोमीटर उंचीवरून उतरण सुरू झाली, 6 वाजून 4 मिनिटांनी संपली. आडवा वेग कमी होत चालला की माणसे श्वास सोडत, उभा वेग किंचित वाढला की आवळून धरत. का? कारण 7 सप्टेंबर 2019च्या रात्री याच प्रेक्षकाने चांद्रयान-2चा हिरवा ठिपका आखलेल्या रेषेपासून ढळताना पाहिला होता. रेषेवरून ठिपका हलला की काय होते, हे त्याला माहीत होते. शिवाय शेवटच्या त्या मिनिटांत पृथ्वीवरून कोणी काही करू शकत नाही, सगळे निर्णय यानाचे यानानेच घ्यायचे, हेही त्याला बातम्यांतून कळले होते. नियम ठाऊक, धोका ठाऊक, निकाल अज्ञात. एवढ्या सामग्रीवर कोट्यवधी लोकांनी वीस मिनिटे एका आलेखाकडे टक लावून पाहिले.

आता सांगा, दृश्ये कमी पडली म्हणून या देशातला प्रेक्षक अवकाशाला कंटाळतो?

राहिले वैज्ञानिक दृष्टिकोनाचे कलम, आणि त्याच्याच पोटात दडलेले नवापूर.

विज्ञानात पुढारलेला समाज विज्ञानमालिका डोक्यावर घेतो आणि मागासलेला टाकून देतो, हे गृहीत धरले आहे. ते तपासू. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ 1966 साली सुरू झाली. प्रेक्षक पुरेसे नाहीत म्हणून वाहिनीने ती तीन वर्षांत बंद केली. शेवटचा नवा भाग दाखवला गेला 3 जून 1969 रोजी. त्यानंतर सात आठवड्यांच्या आत, 20 जुलैला, त्याच देशाची माणसे चंद्रावर उतरली. माणूस चंद्रावर पाठवणारा समाज अवकाशमालिका बंद पडू देतो, तेव्हा ‘अमेरिकी प्रेक्षक अवैज्ञानिक’ असे कोणी लिहीत नाही. तिथे वाहिनीचे चुकते, वेळेचे चुकते, लेखकाचे चुकते. इथे मात्र थेट समाजाच्या मेंदूचे चुकते. हा दुटप्पी न्याय कोणत्या कायद्यात बसतो?

आणि नवापूर. या गावाला विज्ञानकथा कळत नाही म्हणणाऱ्यांना मी 2006 सालच्या फेब्रुवारीत घेऊन जातो. 18 तारखेला भारतातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला, तो इथला. पोल्ट्री हा या तालुक्याचा मोठा धंदा. शेडमध्ये मर सुरू झाली तेव्हा धंद्यातल्या लोकांनी राणीखेत धरून चालले होते. कोंबड्यांचा हा जुना, ओळखीचा रोग. मग भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला: एच-5-एन-1. आणि बघता बघता डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पोशाख, डोळ्यांवर मोठे चष्मे, तोंडावर मास्क, हातात मोजे अशी माणसे शेडमध्ये शिरली. जेसीबीने खड्डे खणले गेले. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, अंडी नष्ट केली. देशभरचे कॅमेरे आमच्या रस्त्यांवर उभे राहिले. कोणत्याही अवकाशमालिकेने दाखवले नसेल असे दृश्य दाराशी होते.

त्या दिवसांत चहाच्या टपरीवर चाललेली चर्चा आठवून पाहा. राणीखेतीत मान वाकडी होते, मग यांची तशी का नव्हती? पक्षी शेडमध्ये बंद, तर रानपाखरांकडून आजार आत आला कसा? पाण्यातून, खाद्यातून, अंड्यांच्या ट्रेमधून, की गाडीच्या टायरला लागून? या शेडमधल्या मेल्या आणि रस्त्यापलीकडच्या का नाही? शिजवल्यावर विषाणू मरतो तर मग शिजवून खायला बंदी का? माणसाला होतो तर पहिला आजारी कोण पडायला हवा, शेडमध्ये झोपणारा मजूर ना? मग तो ठणठणीत कसा? माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले आणि कोणालाही लागण झालेली निघाली नाही, तेव्हा या शेवटच्या प्रश्नाला वजन आले. अफवाही होत्या, रागही होता, बुडालेल्या पैशांचे दुःख तर होतेच. पण हे प्रश्न नीट वाचा. निरीक्षण आहे, पर्यायी कारणे आहेत, एकेक कारण खोडण्याची धडपड आहे. सातवी-आठवीत शाळा सुटलेली माणसे हे बोलत होती. यांना विज्ञानकथा झेपली नसती, असा निवाडा देणाऱ्याने नवापूरला उतरण्याची तसदी तरी घेतली होती काय?

खंडन इथे पुरे. पण नुसते पाडून थांबणे हे अर्धेच काम. मग मालिका पडली कशाने, याचे उत्तर माझ्याकडून येणे आहे.

एक साधी कसोटी लावू. ‘कॅप्टन व्योम’च्या चौकटीतून विज्ञान काढून टाका. गुरूच्या उपग्रहाऐवजी येरवड्याचा तुरुंग लिहा, यानाऐवजी जीप, विश्वाच्या सरकारऐवजी गृहखाते. बारा कैदी पळाले, एक शूर अधिकारी त्यांना एकेक करून पकडतो. गोष्टीचे काय बिघडले? काहीच नाही. म्हणजे विज्ञान तिच्या हाडात नव्हतेच, अंगरख्यात होते. चोर-पोलिसांची गोष्ट वाईट नसते. पण ती पाहायची तर प्रेक्षकाकडे त्याच दशकात चोर-पोलिसांच्या अस्सल मालिका होत्या. त्याने अस्सल निवडली.

मालिकेने गुरूचा उपग्रह निवडला, तेव्हा केवढे भांडार तिच्या हाती आले होते! गुरूपासून पृथ्वीपर्यंत प्रकाशाला यायला सुमारे 35 ते 52 मिनिटे लागतात. दोन्ही ग्रह कुठे आहेत त्यावर ते ठरते. रेडिओचा संदेशही त्याहून लवकर येऊ शकत नाही. म्हणजे तुरुंग फुटल्याची बातमी पृथ्वीवर पोचते तेव्हा कैदी पाऊण तासापूर्वीच निघून गेलेले असतात. पृथ्वीवरून ‘गोळी झाडू नका’ असा हुकूम सुटतो आणि तो पोचेपर्यंत गोळी झाडून झालेली असते. कॅप्टनने प्रश्न विचारला तर उत्तर दीड तासाने. मग वरिष्ठ कोण आणि कनिष्ठ कोण? दीड तास मागे असलेल्या सरकारची आज्ञा मोडणे हा गुन्हा ठरतो काय? आठवीच्या मुलाला कळेल असा हा एकच नियम मालिकेने मनापासून पाळला असता, तर प्रत्येक भागाला आतूनच पेच मिळाला असता, आणि त्याला एक रुपयाही जास्त लागला नसता. या उशिरावर तिचे नाट्य कधी उभे राहिले नाही. गुरू निवडला आणि त्याचे अंतर वापरले नाही. माझ्या मते मालिका इथे हरली.

इंग्लंडात एच. जी. वेल्सने आपल्या विज्ञान-कादंबऱ्यांच्या 1933 सालच्या प्रस्तावनेत या धंद्याचे हेच वर्म सांगितले होते: कल्पित गोष्ट एकच ठेवा, बाकी सगळे रोजच्या जगासारखे वागू द्या. पण वेल्सपर्यंत जायची गरज काय? मराठीत हे काम होऊन चुकले होते. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखक म्हणून नाव होते नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर. बडे नाव पाहून परीक्षक दबू नयेत म्हणून केलेली ही युक्ती. म्हणजे ती कथा नावावर नाही, गुणावर निवडली गेली, आणि पुढे मराठी वाचकाने नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांना चार दशके वाचले. हा वाचक आणि तो प्रेक्षक वेगवेगळ्या ग्रहांवरचे होते काय?

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ पाहा. कल्पित गोष्ट एकच: 1761च्या पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नाही, चाटून गेली. मराठे जिंकले. बाकी सगळे ओळखीचे. इतिहासाचे प्राध्यापक पुण्याहून मुंबईला रेल्वेने निघतात, वाटेत सरहद्दीवरच्या स्टेशनात गाडी थांबते, परवाने तपासले जातात, कारण त्यापुढे इंग्रजांचे राज्य आहे. (त्या जगात जाहीर सभांना अध्यक्ष नसतो आणि रिकाम्या खुर्चीत जाऊन बसलेल्या गंगाधरपंतांचे श्रोते काय करतात, ही नारळीकरांची खास टपली, सभासंमेलने सोसलेल्या प्रत्येकाने वाचावी.) एका गोळीची दिशा बदलली आणि लोणावळ्याच्या मार्गावर दोन राज्ये भिडली.

ही कथा नवापूरच्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. सुरत-भुसावळ लाइनवरचे आमचे स्टेशन आधीच उभे होते. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले आणि सीमा फलाटावरूनच गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. एका बाकावर मधोमध रेघ आहे: इकडे महाराष्ट्र, तिकडे गुजरात. बाकाच्या एका टोकाला दारूबंदीचा कायदा, दुसऱ्या टोकाला नाही. नकाशावरची रेघ हातभर इकडे-तिकडे सरकली तर माणसाचा कायदा, शाळा, सातबारा बदलतो, हे इथे रोज गाडीची वाट पाहताना कळते. समांतर जगाची कल्पना आम्हाला अवघड जाईल, ही भीती कोणी बाळगू नये.

हवे असेल तर याच जिल्ह्यातले आणखी एक बीज देतो. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातली पहिली आधार कार्डे वाटली गेली ती नंदुरबारच्या टेंभली गावात. पुढे रेशन दुकानात अंगठ्याचे यंत्र आले. खडी फोडून, ऊस तोडून ज्याच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्याचा अंगठा यंत्राला जुळेना. माणूस समोर उभा, दुकानदार त्याला नावाने ओळखतो, आणि यंत्र सांगते की हा तो नव्हे. एक कल्पना, तिचे परिणाम, आणि त्यात सापडलेला माणूस. हिच्यासाठी 2123ची वाट कशाला पाहायची?

एक आक्षेप अजून उरतो, आणि तो प्रामाणिक आहे: मालिका मुलांसाठी होती, तिला इतक्या कडक मापाने मोजावे काय? मोजावेच. 1989च्या सुमारास याच दूरदर्शनवर ‘इंद्रधनुष’ होती. तिच्यातली मुले घरातल्या संगणकावर खटपट करता करता काळाच्या प्रवासाला निघत. घर ओळखीचे, आईबाप ओळखीचे, कल्पित वस्तू एक. तीही मुलांसाठीच होती. केतन मेहतांनी धाडस केले, आकाशाकडे पाहिले, याबद्दल त्यांचे ऋण मी मानतो. पण धाडसाचे श्रेय त्यांना आणि अपयशाचे खापर प्रेक्षकाच्या माथी, ही वाटणी मला मंजूर नाही.

आणि पैसा नव्हता, गोष्टी नव्हत्या, असे अजूनही कोणी म्हणत असेल तर नॅशनल बुक ट्रस्टने फोंडक्यांच्या संपादनाखाली 1993 सालीच भारतीय विज्ञानकथांचा संग्रह इंग्रजीत काढला होता. ‘व्योम’च्या पाच वर्षे आधी. त्यात मुंबईत बर्फ पडतो ही नारळीकरांची कथाही आहे. ती चित्रित करायला गुरूचा उपग्रह लागत नाही. दादरची एक गल्ली, पिंजलेला कापूस, पोतेभर मीठ आणि स्वेटर नसलेली माणसे लागतात. स्टुडिओ मुंबईतच होते.